९९९ रुपयांची 'तुमची भाषा कोणती' टेस्ट आणि माझे ७०,८५५ रुपये

आधीच सांगतो, मी बावळट नाहीये. तेरा वर्षं अकाउंट्सला आहे, लोकांची बिलं तपासणं हाच माझा धंदा, पन्नास पैशाचा फरक आला तरी व्हाउचर परत पाठवतो. आणि तरी वेब डेव्हलपमेंट शिकायच्या नादात ७०,८५५ रुपये घालवून बसलोय, त्यातले पाच हप्ते तर अजून जायचेत. घरी पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे लिहितोय कारण इथे मला तोंड दाखवायचं नाहीये.

हिशोब आधी देतो. टेस्ट ९९९. सीट बुकिंग ४,९००. लोन ६०,०००, म्हणजे ५,००० चे बारा हप्ते. त्या 'नो कॉस्ट' लोनची प्रोसेसिंग फी १,४१६ (नो कॉस्ट म्हणे). शेवटी 'इंटर्नशिप सर्टिफिकेट' ३,५४०. बेरीज करून बघा.

मला स्वतः वेबसाइट बनवायला शिकायचं होतं, जमलं तर लाइन बदलायची होती. आता ज्याने कोणी हे शोधलंय त्याला माहितीये काय होतं, पहिली प्रोग्रामिंगची भाषा कोणती यावरच माणूस अडकतो. एक म्हणतो जावास्क्रिप्ट, दुसरा म्हणतो पायथन सोपी, तिसरा म्हणतो पीएचपी मेली, चौथा म्हणतो अरे अर्धं जग वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) आहे आणि वर्डप्रेस पीएचपीत आहे. मी दोन महिने फक्त तुलना बघत होतो, एक ओळ कोड लिहिली नाही, आणि नेमकी तेव्हा एका कोडिंग क्लासची जाहिरात समोर आली. 'चुकीची भाषा निवडलीत तर दोन वर्षं वाया. आधी तुमची भाषा ओळखा.' तीच भीती मनात होती हो, त्यांनी फक्त तिची किंमत लावली.

चाळीस प्रश्न होते. तुम्हाला कोडी सोडवायला आवडतात का, चित्र आठवतं की आकडा, असले. मधेच ऑफिसचा फोन आला, बोलत बसलो तोवर वेळ संपली आणि शेवटचे ११ प्रश्न कोरे असतानाच टेस्ट सबमिट झाली. मला वाटलं गेले ९९९. तर मिनिटभरात चौदा पानांची पीडीएफ आली, गोल चार्ट वगैरे, 'तुमची नैसर्गिक भाषा: पीएचपी, ९१ टक्के जुळणी. जावास्क्रिप्ट ३४ टक्के.'

इथे थांबायला हवं होतं. चाळीसातले ११ कोरे, आणि जुळणी ९१ टक्के. ही बेरीज मी कुठल्याही क्लार्कच्या तोंडावर फेकली असती. पण त्या रात्री मी ती पीडीएफ तीनदा वाचली आणि मला बरं वाटत होतं, कारण दोन महिन्यांनी कोणीतरी एक उत्तर दिलं होतं. पीएचपीची बॅच सोमवारीच सुरू होत होती हा योगायोग पण मला शुभ वाटला. पुढे ग्रुपवर कळलं की बॅचमधल्या ज्या सहा जणांनी पीडीएफ दाखवली त्या सहाही जणांना पीएचपी ९१ टक्केच होती. एकाने तर टेस्ट त्याच्या सात वर्षांच्या मुलाला दिली होती सोडवायला.

दुसऱ्या दिवशी काउन्सेलरचा फोन. फार गोड बोलणं. मी म्हणालो, पण सगळे जावास्क्रिप्ट आधी शिका म्हणतात. तर म्हणाली, "सर, जावास्क्रिप्ट दहा दिवसांत बनवलेली भाषा आहे, गूगल करून बघा. दहा दिवसांत बनलेल्या गोष्टीवर करिअर करणार का तुम्ही?" मी केलं गूगल. खरंच निघालं! ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत असताना पहिली आवृत्ती दहा दिवसांत लिहिली होती. झालं, माझा विश्वास बसला. खरी गोष्ट सांगून फसवलं की माणूस पुढचं तपासत नाही. पुढचं हे होतं की १९९७ पासून त्या भाषेचं रीतसर स्टँडर्ड आहे, २०१५ ला ती भरपूर सुधारली, आणि ब्राउझरमध्ये काहीही इन्स्टॉल न करता चालणारी भाषा तीच आहे. आणि पीएचपीची सुरुवात तरी कशी झाली, तर एका माणसाने स्वतःच्या होमपेजसाठी केलेली टूल्स, तीही १९९५ लाच लोकांसमोर आली. हे काउन्सेलरने नाही सांगितलं.

आणि बोलता बोलता ती म्हणाली की जावास्क्रिप्ट म्हणजे जावाचीच छोटी आवृत्ती, ती नंतर आपोआप येते. हे वाक्य कोणाच्या तोंडून आलं ना, तर फोन ठेवा. जावा ही वेगळीच प्रोग्रामिंगची भाषा, नाव आणि लिहायची थोडीफार ढब सोडली तर तिचं आणि जावास्क्रिप्टचं काही नातं नाही, नाव पण तेव्हा जावाची हवा होती म्हणून दिलेलं.

लोन कसं झालं तेही ऐका. "सर एक ओटीपी येईल, सीट कन्फर्म करायला." मी ऑफिसात होतो, मार्च एंड, डोक्यावर ऑडिट. दिला. तो सीटचा नव्हता, एका फायनान्स कंपनीच्या लोन अॅग्रीमेंटवर माझी सही होती ती. एरवी मी ओटीपीचा मेसेज वाचल्याशिवाय बायकोलाही सांगत नाही. ओटीपी कशासाठी आलाय हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, ती एक ओळ वाचा, फोनवरचा माणूस किती का घाई करेना.

क्लास सुरू झाला. तीन दिवसांत एचटीएमएल (पानाचा सांगाडा), त्यात फॉन्ट टॅग आणि सेंटर टॅग शिकवले, जे एचटीएमएल ५ मध्ये बाद झालेत, मला काय माहीत. सीएसएस (पानाची सजावट) 'घरी बघून घ्या'. चौथ्या दिवशी थेट पीएचपी. आठव्या दिवशी डेटाबेस जोडायचा होता, सरांनी स्क्रीनवर मायएसक्यूएल_कनेक्ट असं फंक्शन लिहिलं, आम्ही सगळ्यांनी तसंच उतरवलं, आणि माझ्या लॅपटॉपवर आलं: फेटल एरर, अनडिफाइन्ड फंक्शन. शेजारच्याला पण तेच. मागच्या बाकावरच्यांना पण तेच. सर म्हणाले तुमच्या लॅपटॉपमध्ये प्रॉब्लेम आहे, मी पेनड्राइव्हवरून जुनं सॉफ्टवेअर देतो ते टाका. टाकलं. चाललं. आम्ही टाळ्या वाजवल्या, देवा.

प्रॉब्लेम लॅपटॉपचा नव्हता. ते फंक्शन २०१३ लाच वापरू नका म्हणून जाहीर झालेलं आणि २०१५ च्या डिसेंबरात पीएचपी ७ आली तेव्हा भाषेतूनच काढून टाकलेलं. सरांनी आम्हाला दिली ती ५.६ आवृत्ती, जिचा सिक्युरिटी सपोर्ट २०१८ अखेरीस बंद झालाय. म्हणजे भाषा नाही, भाषेचं प्रेत शिकवत होते. आणि रिफंडची मुदत पहिल्या क्लासपासून दहा दिवस. आठव्या दिवशी ती एरर माझ्यासमोर लाल अक्षरात होती, ती ओळ जशीच्या तशी सर्चमध्ये टाकली असती तर पहिल्याच उत्तरात सगळं कळलं असतं आणि माझ्या हातात अजून दोन दिवस होते. नाही टाकली. सरांसमोर शहाणपणा कशाला, आपण नवीन, असं वाटलं. नवीन आहे म्हणूनच तर पैसे भरले होते ना मी!

एरर मेसेज नेहमी स्वतः वाचा. शिकवणारा काही म्हणू दे.

अजून एक सांगतो, हे आठवलं की आजही हसू येतं आणि रडू पण. आम्ही एक फॉर्म बनवला, नाव टाकलं की डेटाबेसमध्ये जायचं. बॅचमधल्या एकीचं आडनाव डिसूझा, ती इंग्रजीत लिहिताना मधे अॅपॉस्ट्रॉफी देते. तिने नाव टाकलं की पूर्ण पान कोसळायचं. सर आले, बघितलं, आणि म्हणाले, "अशी नावं टाकू नका." तिचं नाव आहे हो ते! नंतर कळलं की हे साधं कोसळणं नव्हतं, तिथून कोणीही अख्खा डेटाबेस उघडू शकतो, त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, आणि वेब शिकणाऱ्याला सुरुवातीलाच ज्या चुका दाखवतात त्यातली ती एक. उपाय पण नवीन पीएचपीत सरळ आहे, पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) घेऊन प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरायचं, म्हणजे टाकलेलं नाव आदेशात न मिसळता वेगळं पाठवायचं. म्हणून पीएचपीला शिव्या घालू नका, कमेंटमध्ये ते सुरू होणार मला माहितीये. आजची पीएचपी चांगली भाषा आहे, आठवी आवृत्ती २०२० ला आली. शिकवणाऱ्याने शेवटचं पुस्तक कधी उघडलं हा प्रश्न आहे. डेमोला गेलात तर सरळ विचारा, कुठलं व्हर्जन शिकवता. जो चिडला त्याच्याकडे जाऊ नका.

'शंभर टक्के जॉब गॅरंटी' चं काय झालं? अॅग्रीमेंटमध्ये 'प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलेलं, म्हणजे ग्रुपवर जाहिरातींच्या लिंक टाकणार. मी स्वतःच्या जोरावर एक इंटरव्ह्यू मिळवला. त्या मुलाने, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान, विचारलं जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल (माहिती ठेवायचा डबा) बनवायला व्हार आणि लेट असतात, त्यांच्यात फरक काय. मी लेट हा शब्दच ऐकला नव्हता. तो हसला नाही, तेच जास्त लागलं. एवढंच विचारलं, "सर, तुम्ही हे कधी शिकलात? दहा वर्षांपूर्वी का?" मी म्हणालो हो. खोटं बोललो. मागच्या महिन्यात संपला होता कोर्स.

तक्रारीचं आता सांगतो, इथे डोकं फिरतं. इन्स्टिट्यूट म्हणालं दहा दिवस संपले. फायनान्स कंपनी म्हणाली आम्ही पैसे इन्स्टिट्यूटला दिले, वाद तुमचा आणि त्यांचा, हप्ता मात्र आमचा. बँकेत गेलो, ऑटो डेबिट थांबवा म्हणालो, तर थांबवतो पण क्रेडिट स्कोअर पडेल, आणि लेट फी लागेल, आणि वर सल्ला की "शिक्षणात घातलेला पैसा वाया जात नाही". ऑनलाइन तक्रार करायला बसलो तर यादीत माझ्या प्रकाराला रकानाच नाही, लॉटरी आहे, लग्नाची साइट आहे, हा प्रकार नाही, शेवटी 'इतर' वर टिक केलं. अडीच महिन्यांनी स्टेटस 'निकाली'. कोणाचा फोन नाही, कसली चौकशी नाही, निकाली कोणी काढलं, काय वाचून काढलं, देव जाणे. मग चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, क्लास झाला का? झाला. सर आले का शिकवायला? आले. मग फसवणूक कुठाय? मी पीएचपी ५.६ आणि ७ समजावायला लागलो, त्यांनी अर्जात लिहिलं 'अर्जदारास जुने कॉम्प्युटर दिले'. मी म्हणालो कॉम्प्युटर नाही हो, भाषा जुनी शिकवली. ते म्हणाले भाषा जुनी असली तर काय झालं, संस्कृत नाही शिकत का लोकं. आजूबाजूचे सगळे हसले. मी पण हसलो, काय करणार. वर 'हे दिवाणी आहे, ग्राहक आयोगात जा'. वकिलाला विचारलं तर त्याची फी माझ्या सहा हप्त्यांएवढी. प्रत्येक टेबलवर मला एकच वाक्य मिळालं, सही तुमचीच आहे ना. आहे बाबा, माझीच आहे, ती कशी घेतली ते तर सांगायला आलोय!

जे काही बोलणं होईल ते लेखी घ्या. माझ्याकडे काउन्सेलरचं सगळं फोनवरच, एक मेसेज नाही. आणि नंतर ३,५४० देऊन सर्टिफिकेट का घेतलं विचारू नका. वाटलं एवढे गेलेत तर कागद तरी हातात असावा.

खरं तर ज्याने डोळे उघडले तो माझा भाचा. बारावीत आहे. सुट्टीत आला होता, मी त्याला रुबाबात माझा फॉर्म दाखवायला लागलो. त्याने दोन मिनिटं बघितलं, मग ब्राउझरमध्ये एफ१२ दाबलं, कन्सोल (कोड लिहून लगेच चालवायची जागा) उघडलं, जावास्क्रिप्टची एक ओळ लिहिली आणि पानाचा रंग बदलला. "मामा, एवढं सगळं इन्स्टॉल कशाला केलंस? सुरुवातीला हे ब्राउझरमध्येच चालतं की." म्हटलं कुठे शिकलास, तर म्हणे एमडीएनवर (वेबच्या भाषांची माहिती देणारी साइट) वाचतो आणि फ्रीकोडकॅम्पवर (कोडिंगचा सराव देणारी साइट) सोडवतो. किती भरले? तो माझ्याकडे बघतच राहिला. "फुकट आहे मामा."

आता त्याच्याकडूनच शिकतोय, एचटीएमएल आणि सीएसएस नीट परत केलं, मग जावास्क्रिप्ट. रोज रात्री तासभर. तीन महिन्यांत स्वतःचा हप्त्यांचा कॅल्क्युलेटर बनवलाय, किती गेले, किती राहिले, अचूक दाखवतो. सर्व्हरची (वेबसाइटच्या मागच्या बाजूची) भाषा मग बघू, पायथन की पीएचपी की आणि काही, एक आली की दुसरीला तेवढा वेळ लागत नाही हे आता दिसायला लागलंय. व्हेरिएबल, कंडिशन, लूप, फंक्शन सगळीकडे आहेतच. त्या ९१ टक्क्यांची गरजच नव्हती.

मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मोबाइल पुढे केला, "बघा हो, तुम्ही हल्ली कोडिंग करता ना, मुलीचा रिझल्ट आलाय." चौदा पानी पीडीएफ, तोच गोल चार्ट, तेच रंग. 'तुमची नैसर्गिक भाषा: पायथन, ९१ टक्के जुळणी.' बॅच सोमवारी. मी विचारलं किती भरले, तर म्हणाला ९९९ फक्त, ४,९०० आज संध्याकाळी भरणार. तिथेच त्याला कॅल्क्युलेटर उघडून दाखवला. एवढ्या महिन्यांत पूर्ण आकडा मोठ्याने पहिल्यांदा त्याच्यासमोर वाचला.