भोसरी की हिंजवडी? मेकॅनिकल होऊन टेक्निकल रायटर व्हायचं असेल तर

भाचीच्या हातात दोन ऑफर आहेत. मेकॅनिकल झालीये, इंग्रजी नीट लिहिते, डिझाइनला बसायचं नाहीये. एक ऑफर भोसरी एमआयडीसीतल्या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची, मॅन्युअल लिहायची. दुसरी हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीची, पगार जास्त. "मावशी, तू दोन्हीकडे होतीस ना?" होते. म्हणून हे.

प्रवास आणि सुट्टीचं पटकन उरकते. भोसरीत साधारण गुरुवारची सुट्टी. रविवारची लग्नं, मुंजी विसरायच्या. हिंजवडीत शनिवार-रविवार मोकळे, मधूनमधून घरून काम. भोसरीला जायला नाशिक फाट्यापर्यंत मेट्रो आहे. हिंजवडीच्या वाटेवर वाकडच्या पुलावरची कोंडी, तिच्याबद्दल पुणेकराला काय सांगायचं!

खरा फरक, अडलं की कुणाला विचारायचं यात आहे. हिंजवडीत सॉफ्टवेअर आपल्याच लॅपटॉपवर असतं. बटण दाबून बघायचं, नाही कळलं तर डेव्हलपरला मेसेज टाकायचा. अशा जाणकाराला तिथे 'एसएमई' म्हणतात. भोसरीत एसएमई म्हटलं की छोटा कारखानदार, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली होती. तिथे विचारायचं ते खाली शॉप फ्लोअरवर जाऊन. ड्रॉइंगप्रमाणे बोल्ट आधी काढायचा असतो. फिटर आधी गार्ड काढतो, कारण त्याशिवाय स्पॅनरच आत जात नाही. मॅन्युअलमध्ये फिटरचा क्रम यायला हवा, आणि तो डिझाइनवाल्यांकडून मंजूर करून घेणं हे निम्मं काम. फिटर "चांगला आवळा" म्हणतो, आपल्याला "45 न्यूटन-मीटर" लिहायचं असतं, आणि तो आकडा कुणीच चटकन देत नाही.

चुकीची किंमतही वेगळी. सॉफ्टवेअरमधली चूक दुपारी कळली तर संध्याकाळपर्यंत पान दुरुस्त. छापील मॅन्युअल यंत्राबरोबर पेटीत बसून जातं आणि यंत्र चालेल तितकी वर्षं तेलकट बोटांनी उलटलं जातं. एका हायड्रॉलिक प्रेसच्या मसुद्यात मी पायरी 7 ला होज (तेलाची नळी) काढायला सांगितला होता आणि पायरी 8 खाली टीप, 'आधी दाब सोडा'. पंप बंद केला तरी अॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीत, दाब साठून राहतो. एडिटर बाईंनी लाल पेनानं फक्त एक बाण काढला, खालून वर. त्या बाणाची आठवण झाली की अजूनही पोटात गोळा येतो. मसुदा माझा होता.

इशाऱ्यांचे शब्दही मनाला येतील तसे वापरायचे नसतात. अमेरिकी एएनएसआय झेड535 या मानकाप्रमाणे 'डेंजर' म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, 'वॉर्निंग' म्हणजे होऊ शकते, 'कॉशन' किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी. युरोपात यंत्रं पाठवणाऱ्यांकडे आणखी एक घाई आहे: 20 जानेवारी 2027 पासून तिथे 2006 च्या मशिनरी डायरेक्टिव्हच्या जागी नवं रेग्युलेशन लागू होतंय. त्यात मॅन्युअल डिजिटल देता येतं, पण खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकानं मागितलं तर कागदावर, फुकट. भोसरी-चाकणला या कामाची माणसं लागणार, असा माझा अंदाज.

भाषेची शिस्त मात्र यंत्रवाल्यांचीच कडक. विमानांसाठी तयार झालेल्या सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिशमध्ये कृतीचं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं, आणि शब्दकोशात मंजूर शब्द सुमारे 900. त्यात 'फॉलो' म्हणजे फक्त 'मागून येणं'. सूचना पाळायच्या असतील तर 'ओबे'. सुरुवातीला हसू येतं. मग कळतं, 'बोल्ट घट्ट असावा' आणि 'बोल्ट घट्ट करा' यात आपल्याकडेही तेवढाच घोळ होतो: पहिलं वाचून माणूस नुसता बघतो आणि पुढे जातो.

हिंजवडीत काय मिळेल? डिटा आणि मार्कडाउन (मजकूर मांडायच्या पद्धती), गिट (कुणी काय बदललं याची नोंद ठेवणारं), एपीआयचं (दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायच्या सोयीचं) लिखाण. ही साधनं सगळीकडे चालतात, नोकरी बदलणं सोपं जातं. पण दर दोन आठवड्यांनी रिलीज, स्क्रीन बदलली की स्क्रीनशॉट पुन्हा. आणि पहिला मसुदा आता एआयही लिहून देतं. ते बरोबर आहे की नाही हे सॉफ्टवेअर चालवून तरी बघता येतं. प्रेसचा होज एआयला काढून बघता येत नाही.

एडिटर लगेच होऊ नकोस. पार्ट नंबर जुळतात का, एकाच भागाला तीन नावं तर नाहीत ना, हे कुणीही शिकतं. पायरी 8 खालची टीप 7 च्या आधी हवी, हे यंत्र पाहिलेल्यालाच खटकतं.

म्हणून माझं मत भोसरी, निदान दोन वर्षं. गिट पुढे महिन्याभरात शिकशील. मात्र इंटरव्ह्यूत एक विचार: मॅन्युअल लिहिणाऱ्याला यंत्र उघडताना उभं राहून बघू देतात का? "जुनं मॅन्युअल आणि ड्रॉइंग देऊ की" असं उत्तर आलं, तर सरळ हिंजवडीची बस पकड.