प्रीमियर पद्मिनीचे पुढचे सस्पेन्शन : डागडुजी, पूर्ण बांधणी की दुसऱ्या गाडीचे भाग?

प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट 1100 सांभाळणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा हा निर्णय घ्यावाच लागतो. पुढची चाके खड्ड्यात खडखडू लागतात, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरत बसावे लागते, टायर एकाच कडेने झिजतात, आणि मिस्त्री गाडीखालून बाहेर येऊन ‘पुढचे सगळे खोलावे लागेल’ असे सांगतो. या ‘सगळे’मध्ये नेमके काय येते, यावर खर्च ठरतो आणि पुढची काही वर्षे गाडी कशी चालेल तेही ठरते. मार्ग तीन आहेत: फक्त बुश (सांध्यांत बसणाऱ्या रबरी किंवा धातूच्या नळ्या) आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलून घेणे, किंगपिनसह (चाक ज्याच्याभोवती वळते त्या उभ्या खिळीसह) संपूर्ण सस्पेन्शन मूळ पद्धतीने नव्याने बांधणे, किंवा दुसऱ्या गाडीचे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि डिस्क ब्रेक आणून बसवणे.

फियाटने 1953 साली बाजारात आणलेल्या 1100/103 या गाडीला वेगळी चासी नव्हती. बॉडी हाच तिचा सांगाडा होता. पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, त्यांच्या जोडीला कॉइल स्प्रिंग आणि टेलिस्कोपिक शॉक ॲब्सॉर्बर, दोन्ही बाजू एकमेकींना बांधणारा अँटी-रोल बार, आणि स्टिअरिंग फिरवले की ज्याच्याभोवती स्टब ॲक्सल (चाक ज्यावर बसते तो आखूड दांडा) वळतो तो उभा किंगपिन, अशी ही मांडणी आहे. प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे बाहेर पडलेल्या पद्मिनीतही ती कायम राहिली. नंतरच्या गाड्यांमध्ये किंगपिनचे काम बॉल जॉइंट करू लागले, त्यामुळे आज तिशीतल्या मेकॅनिकने किंगपिन हातात धरलेला असेलच असे नाही. गॅरेज निवडताना ही गोष्ट आधी विचारून घ्यावी.

मार्ग निवडण्यापूर्वी एक तपासणी मालकाने स्वतः उभे राहून करून घ्यावी. पुढचे चाक जॅकवर अधांतरी घ्यावे, एक हात टायरच्या वरच्या टोकाला आणि दुसरा खालच्या टोकाला धरून चाक आतबाहेर हलवावे, आणि प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवून पाहावे. ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा आहे आणि काम अगदी किरकोळ आहे. प्ले तसाच राहिला तर किंगपिन आणि त्याचे बुश झिजलेले आहेत, किंवा आर्मचे सांधे सैल झाले आहेत. त्यांतले कोणते, हे मागे बॅटरीचा उजेड धरून पाहिले की सांध्यांच्या हालचालीवरून लगेच कळते. डावी-उजवीकडे हलवल्यावर येणारा प्ले बहुतेक वेळा टाय रॉडचा (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) किंवा स्टिअरिंग बॉक्सचा असतो, आणि त्यासाठी सस्पेन्शन खोलण्याची गरज नसते. ही पाच मिनिटांची तपासणी न करता ‘पूर्ण ओव्हरहॉल’ला होकार देणे म्हणजे दुसऱ्याच्या अंदाजावर आपले पैसे खर्च करणे होय.

पहिला मार्ग, म्हणजे डागडुजी, किंगपिन घट्ट असेल आणि बॉडीचा पत्रा शाबूत असेल तरच योग्य ठरतो. शॉक ॲब्सॉर्बर, अँटी-रोल बारची रबरे आणि वरच्या आर्मचे बुश एवढ्यावर भागत असेल, तर गाडीचा खडखडाट जातो आणि खिशालाही फारसा धक्का लागत नाही. मात्र खालच्या आर्मच्या बुशांना हात घालायचा ठरला की हिशेब बदलतो. तो आर्म सोडवण्यासाठी दाबलेल्या स्प्रिंगचा ताण आधी काढून घ्यावा लागतो, आणि हे काम योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर करणे जिवावर बेतू शकते. एवढे खोलून झाले की किंगपिनपर्यंत पोहोचायला फार उरत नाही. त्यामुळे आज खालचे बुश आणि वर्षभराने किंगपिन असे दोन हप्त्यांत काम काढणाऱ्याला मजुरी आणि अलाइनमेंट दोन्ही दोनदा भरावे लागतात, आणि वाचल्यासारखा वाटलेला पैसा प्रत्यक्षात वाचलेला नसतो.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ पद्धतीची पूर्ण बांधणी, आणि माझ्या मते नियमित चालवल्या जाणाऱ्या बहुतेक पद्मिनींसाठी हाच मार्ग योग्य आहे. अट एवढीच की यातला किंगपिनचा भाग लेथवर बसणाऱ्या कसबी माणसाच्या हाती पडला पाहिजे. नवा पिन आणि नवे बुश आणून ठोकून बसवले की झाले, असे हे काम नाही. स्टब ॲक्सलमधले वरचे आणि खालचे बुश दाबून बसवल्यानंतर दोन्हींमधून एकाच लांब रीमरचा (भोक अचूक मापाचे करणाऱ्या हत्याराचा) हात फिरवावा लागतो, जेणेकरून दोन्ही भोके एका सरळ रेषेत येतात. वेगवेगळे रीम केलेले बुश पिनला फक्त कडांवर टेकतात, सुरुवातीला स्टिअरिंग जड करतात आणि थोड्याच काळात पुन्हा ढिले होतात. काम नीट झाले आहे का हे पाहण्याची खूण सोपी आहे: ग्रीस लावलेल्या पिनवर स्टब ॲक्सल हाताने फिरवल्यावर तो कुठेही न अडकता, सगळीकडे सारखाच जड फिरला पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये, वरखालीचा प्ले शिम (पातळ चकती) घालून काढतात. त्यानंतर निपलमधून वेळेवर ग्रीस भरत राहणे ही मालकाची जबाबदारी, कारण दुर्लक्षित किंगपिन झिजतो तो बहुधा कोरडा पडल्यामुळेच.

सुटे भाग हा या मार्गातला नाजूक मुद्दा आहे. मुंबईत वीस वर्षांची वयोमर्यादा गाठून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सींची रोजची झीज हाच या भागांचा मोठा ग्राहक होता. ऑपेरा हाऊस, कुर्ला किंवा पुण्याच्या नाना पेठेत चौकशी केली तर काही ना काही हाती लागते, पण डब्यावरच्या नावापेक्षा हातातल्या वस्तूकडे पाहावे. पिन मायक्रोमीटरने दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजून घ्यावा. रबरी बुशाच्या आतली लोखंडी नळी मध्यभागी आहे की एका बाजूला सरकलेली आहे, हे बुश डोळ्यांसमोर धरून गोल फिरवले तरी दिसते. नळी सरकलेली असेल तर तो बुश कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. नवा पिन हलक्या प्रतीचा वाटला तर जुन्या मापाबरहुकूम योग्य पोलादाचा पिन कडक करून, ग्राइंड करून घेणे आणि त्याला गनमेटलचे बुश वळवून घेणे, हा उत्तम पर्याय आहे. त्याला वेळ लागतो, पण बाजारातल्या संशयास्पद किटपेक्षा तो अधिक टिकतो.

रबरी बुश की पॉलियुरेथेनचे, हा प्रश्न हल्ली हटकून विचारला जातो. पॉलियुरेथेन रबरापेक्षा कडक असते, तेलाने लवकर खराब होत नाही आणि स्टिअरिंगला नेमकेपणा देते. उलट रस्त्याची खरखर ते थेट बॉडीत पोहोचवते आणि आतल्या नळीवर योग्य ग्रीस नसेल तर कुरकुरते. रबरी सायलेंट ब्लॉक, म्हणजे नळीला रबर चिकटवलेला बुश, मात्र पिळला जाऊन हालचाल सामावून घेतो, म्हणूनच त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिचे पूर्ण वजन पडल्यावरच शेवटचे आवळायचे असतात. गाडी जॅकवर असताना ते आवळले, तर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि थोड्याच महिन्यांत फाटते. ‘नवे रबर टिकले नाही’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा दोष बऱ्याचदा या चुकीचा असतो, रबराचा नसतो. पद्मिनीसारख्या चाळीसेक हॉर्सपॉवरच्या, आरामात फिरवायच्या गाडीत आर्मना रबर आणि फार तर अँटी-रोल बारला पॉलियुरेथेन, ही जोडी मला समतोल वाटते. सगळीकडे पॉलियुरेथेन लावण्याचा फायदा रॅलीत गाडी उतरवणाऱ्यालाच होईल.

स्प्रिंग दबून बुटकी झाली असेल तर तिच्याखाली जाड रबर सारणे किंवा भट्टीत तापवून ताणून पुन्हा पाणी देणे (कडक करणे) हे दोन्ही उपाय सर्रास होतात. पहिला तात्पुरता आहे. दुसऱ्यात पाण्याचा नेम चुकला तर दोन्ही बाजूंची उंची सारखी राहत नाही. स्प्रिंगची जोडी एकदमच बदलावी.

बांधणीला हात घालण्यापूर्वी, सस्पेन्शन बॉडीला जिथे बसते तो पत्रा टोकदार हत्याराने टोचून पाहावा. मुंबईत आणि कोकणपट्टीत वाढलेल्या गाड्यांत वरून रंग आणि अंडरकोट चकचकीत असतो आणि खाली गंज पत्रा पोखरत असतो. तिथे भोक पडले तर नवे बुश आणि नवा किंगपिन यांचा काही उपयोग नाही. आधी वेल्डिंग, मग सस्पेन्शन.

तिसऱ्या मार्गाची जाहिरात मोठी आहे: सहज मिळणारे भाग, बॉल जॉइंट, डिस्क ब्रेक, हलके स्टिअरिंग. ब्रेकच्या बाबतीत हा फायदा खरा आहे, कारण पद्मिनीचे ड्रम ब्रेक आजच्या वाहतुकीत तोकडे पडतात. परंतु स्ट्रटचा सगळा भार वर, इनर फेंडरच्या टोकाशी येतो, आणि हा पत्रा त्या भारासाठी घडवलेलाच नाही. तो मजबूत करणे आणि स्टिअरिंगचे दांडे नव्या भूमितीशी जुळवणे हे अभियांत्रिकीचे काम आहे, नुसत्या वेल्डिंगचे नव्हे. दांडे जुळले नाहीत तर प्रत्येक उंचवट्यावर चाके आपोआप वळतात.

कायद्याची बाजूही इथेच आडवी येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. शिवाय 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेल्या गाडीला ही सोय नाही. म्हणजे 1970 च्या आसपासची फियाट असेल, तर पुढचा पत्रा कापताक्षणी ही वाट बंद होण्याचा धोका आहे. अर्थात व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही, त्यामुळे दररोज ऑफिसला फियाट नेणाऱ्याला या सवलतीचे आकर्षण कमी असेल. तरीही कलम 52 त्यालाही लागूच आहे. ब्रेकबद्दल काळजी असेल तर नवे व्हील सिलिंडर, नवे होज पाइप, गोलाईत वळवलेले ड्रम आणि चांगल्या प्रतीचे लायनर हे काम सस्पेन्शन खोललेले असतानाच करून घ्यावे, कारण त्या वेळी चाकाचा सगळा भाग हातात मोकळा असतो.