रॅमचं टायमिंग आवळायचं की व्होल्टेज चढवायचं? खानदेशातल्या उन्हाळ्याचा हिशोब धरून

रॅममधून जास्त काम काढून घ्यायचे तीन रस्ते आहेत. नुसतं एक्सएमपी (कंपनीने रॅममध्येच भरून दिलेलं वेगाचं सेटिंग) चालू करणं, व्होल्टेजला हात न लावता टायमिंग (कामाच्या टप्प्यांमध्ये रॅम जितकी थांबते ती वेळ) आवळणं, आणि व्होल्टेज चढवून टायमिंग आणखी खाली ओढणं. यूट्यूबवरचे आकडे बहुतेक एसीच्या खोलीतले असतात. भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा निवड आपल्या हवेवर करावी.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून असेंबल करून आणलेला साधा पीसी धरू. डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी), डब्यावर स्पीड ३२०० आणि सीएल१६ (सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे क्लॉक), आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक. एक्सएमपी बंद असेल तर हीच रॅम बहुधा २६६६ सीएल१९ वर रांगत असते. सीएलला २००० ने गुणून स्पीडने भागा, नॅनोसेकंद मिळतात. २६६६ सीएल१९ म्हणजे सव्वाचौदा, ३२०० सीएल१६ म्हणजे दहा, आणि व्होल्टेज चढवून सीएल१४ गाठला तर पावणेनऊ. म्हणजे सव्वाचार नॅनोसेकंद बायोसमधल्या (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधल्या) एका क्लिकवर मिळतात, आणि उरलेल्या सव्वासाठी सगळा आटापिटा.

एक्सएमपीमध्ये व्होल्टेज १.२ वरून १.३५ वर जातं, पण ते कंपनीनेच ठरवून दिलेलं असतं. लग्नाचे अल्बम, फ्लेक्स, टॅली असं पोटापाण्याचं काम मशीनवर असेल तर इथेच थांबा. इंटेलचा एच५१० किंवा एच६१० बोर्ड असेल तर रॅम ठरलेल्या स्पीडच्या पुढे तशीही नेता येत नाही. (एकच स्टिक असेल तर आधी दुसरी घ्या. ड्युअल चॅनलने (दोन स्टिक एकाच वेळी वापरण्याने) जो फरक पडतो तो कुठल्याच टायमिंगने पडत नाही.)

दुसरा रस्ता मला सगळ्यात परवडणारा वाटतो, विशेषतः ५६००जी सारख्या प्रोसेसरवर गेम खेळणाऱ्यांना, कारण त्याचं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. १.३५ तसंच ठेवा आणि टीआरएफसी (रॅमला एकदा रिफ्रेश व्हायला, म्हणजे पुन्हा भरायला लागणारा वेळ) बघा. आठ गिगाबिटच्या चिपसाठी प्रमाण ३५० नॅनोसेकंद, ३२०० वर ते बायोसमध्ये ५६० क्लॉक असं दिसतं. बऱ्याच किटवर ४८० आरामात चालतं. एका वेळी एकच आकडा बदला, मग मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर लावा. एक जरी एरर आली तरी आकडा मागे घ्या. विंडोज सुरू होतंय यावर जाऊ नका, खराब रॅम फोटोची फाइल गुपचूप नासवते.

टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) मात्र वाढवू नका. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा कपॅसिटर, गळक्या माठासारखा, थोड्या थोड्या वेळाने भरावाच लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. म्हणून तर डीडीआर४ च्या प्रमाणात ८५ अंशांच्या वर रिफ्रेश दुप्पट वेळा करायला सांगितलंय. धुळ्यात जानेवारीच्या थंडीत पास झालेलं सेटिंग वैशाखात नापास होतं ते यामुळेच. म्हणून मेमटेस्ट८६ पास झाल्यावर दुपारी दोनला, पंखा नेहमीसारखा ठेवून, गेम चालवूनही बघा.

तिसरा रस्ता १.४५ व्होल्टच्या आसपासचा. सॅमसंगच्या बी-डाय नावाच्या रॅम चिप त्याला छान साथ देतात, पण त्याच चिप स्टिकचं तापमान पन्नाशी ओलांडलं की चुका करण्यासाठी बदनाम आहेत. स्वस्त किटमध्ये सीएल थोडा उतरतो, टीआरसीडी (ओळ उघडून वाचायला सुरुवात होईपर्यंतचं टायमिंग) मात्र हलत नाही, मग व्होल्टेज फुकट. खोलीत एसी आणि रॅमवर थेट वारा असेल तरच हा नाद करा. इंटेलच्या लेखी एक्सएमपीसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं), वॉरंटीचं बघूनच पुढे जा.

डीडीआर५ मध्ये मूळ व्होल्टेज १.१ असतं, त्यामुळे डीडीआर४ चे आकडे तिथे टाकू नका. एएमडीच्या एएम५ बोर्डावर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) १.३ च्या वर नको. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने ती मर्यादा घातली. आणि कुठलाही रस्ता धरा, जुन्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्क्रीन काळीच राहिली तर वीज बंद करून बोर्डावरचा क्लिअर सीमॉस जंपर (बायोस मूळ सेटिंगवर आणणाऱ्या पिना) जोडायचा, तो नसेल तर नाण्याएवढा सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवायचा.