धातूची झडप आणि ऍसेनोकुमारॉल: वापरानंतरचा अनुभव

लहानपणच्या संधिवाताच्या तापाने माझ्या हृदयाची मायट्रल झडप खराब झाली होती. ती काढून धातूची बसवली, तेव्हापासून रोज संध्याकाळी ऍसेनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. धातूवर रक्ताची गुठळी धरली तर झडप अडकते, नाहीतर गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. म्हणून गोळी जन्मभर. बऱ्याच जणी विचारतात, सारखी रक्ततपासणी न लागणाऱ्या रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्या का घेत नाहीस? धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यांतलं डॅबिगॅट्रान अशा रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली.

माझा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा आहे. त्याखाली गुठळीची भीती, वर गेला की रक्तस्रावाची. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त द्यावं लागायचं, आता महिन्यातून एकदा, तेही शक्यतो एकाच लॅबमध्ये. गोळी संध्याकाळी घेण्याचा फायदा असा की दुपारी रिपोर्ट आला तर त्याच दिवशी डोस बदलता येतो.

सगळ्यात मोठा धोका मला दुसऱ्या औषधांचा वाटतो. हिरडी सुजली म्हणून दातांच्या दवाखान्यात गेले, हृदयाची फाईल पुढे ठेवली, तरी चिठ्ठीत मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध आलं. चार दिवसांत ब्रश केल्यावर बेसिन लाल व्हायला लागलं, आणि बांगड्या घासतात तिथे मनगटावर काळेनिळे डाग उठले. आयएनआर ५ च्या वर गेला होता. हृदयाच्या डॉक्टरांनी ऍसेनोकुमारॉल थांबवलं, पुन्हा तपासणी करून कमी डोसवर सुरू केलं. मेट्रोनिडाझोल शरीरात ऍसेनोकुमारॉल साठवून ठेवतं, हे दात बघणाऱ्याला माहीत असायलाच हवं. बुरशीवरचं फ्लुकोनाझोलही तसंच. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या तर पोटातून रक्तस्राव करू शकतात. कंबरेत इंजेक्शन देऊ लागले तर मी नको म्हणते, स्नायूत रक्त साकळतं.

बायकांनी एक गोष्ट मोकळेपणाने विचारावी: पाळी. मला पहिले काही महिने इतकं अंगावरून जायचं की हिमोग्लोबिन उतरलं. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. मीच विषय काढला, मग लोहाच्या गोळ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला मिळाला. मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच बोला, पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी गर्भाला अपाय करू शकते. मात्र स्वतःहून बंद करणं त्याहून घातक.

पालेभाज्या सोडायला लागत नाहीत. पालक, मेथी, अळू यांतलं व्हिटॅमिन के गोळीच्या विरुद्ध काम करतं, म्हणून प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. ऋषिपंचमीची भाजी मी खाते, वाटीभरच. उपवासाचं उलट आहे: खाणं कमी झालं की आयएनआर चढू शकतो. जुलाब लागले तरी तेच. काढे आणि लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

भाजी चिरताना बोट कापलं तर बराच वेळ दाबून धरावं लागतं, त्याची सवय होते. पण शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवी लाल झाली, किंवा डोक्याला मार लागला तर वाट बघायची नाही, थेट इस्पितळ. डोक्याला मार लागल्यावर वरून काही दिसत नसलं तरीही.

एवढं सगळं असूनही मी गोळीला नावं ठेवणार नाही. जिना चढते, नोकरी करते, ते हिच्यामुळे. औषधाच्या दुकानात मात्र स्ट्रिपवरचे मिलिग्रॅम वाचल्याशिवाय पैसे देत नाही, कारण १, २, ३ आणि ४ अशा चारही ताकदीच्या गोळ्या येतात आणि १ ऐवजी ४ ची हातात पडली तर डोस चौपट होतो.