एफ्टेलिंगचा वर्षाचा पास: खरे पैसे वसूल होतात ते ख्रिसमसच्या सीझनमध्ये

नेदरलँड्समध्ये नवीन आलेलं, त्यातही आइंडहोव्हन-फेल्डहोव्हनकडे राहणारं प्रत्येक मराठी कुटुंब कधी ना कधी विचारतंच की एफ्टेलिंग या थीम पार्कचा वर्षाचा पास घ्यावा की नुसतं एकदा तिकीट काढून जाऊन यावं. आम्ही पास घेतला त्याला आता बरेच महिने झाले. उन्हाळा झाला, पानगळ झाली आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत चालणारा हिवाळी सीझन, ज्याला हे लोक विंटर एफ्टेलिंग म्हणतात, तोही मनसोक्त बघून झालाय, म्हणून आता सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते: पास घेणार असाल तर डिसेंबर डोळ्यासमोर ठेवून घ्या, आणि डिसेंबरमध्ये सकाळपासून ठाण मांडून बसू नका, दुपारी दोन-तीनला जा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एफ्टेलिंग हे नॉर्थ ब्राबांट प्रांतातल्या काट्सहूव्हेल नावाच्या छोट्या गावातलं थीम पार्क, टिलबर्गच्या जवळ, आइंडहोव्हनहून गाडीनं साधारण पाऊण तास. उघडलं 1952 मध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या पहिल्या डिस्नेलँडच्याही तीन वर्षं आधी आणि पॅरिसच्या डिस्नेच्या तर चाळीस वर्षं आधी! सुरुवात झाली ती गोष्टींच्या जंगलापासून, स्प्रोकियेसबोस म्हणतात त्याला. चित्रं काढली आंटोन पीक या चित्रकारानं आणि ती हलती-बोलती करायचं तंत्र सांभाळलं पेटर रेइन्डर्सनं. या रेइन्डर्सनं 1951 मध्ये फिलिप्स कंपनीला साठ वर्षं झाली तेव्हा आमच्या आइंडहोव्हनमध्येच परीकथांची बाग उभी केली होती, हे कळल्यावर मला तर फारच भारी वाटलं. पूर्वी हिवाळ्यात पार्क बंद असायचं, 1999 पासून विंटर एफ्टेलिंग सुरू झालं आणि 2010 पासून तर वर्षभर उघडं असतं.

आता मुद्द्याचं. डिसेंबरमध्ये इथे साडेचारला सूर्य मावळतो आणि पाचला काळोख, आणि नवीन आलेल्या माणसाला हाच अंधार जाम खायला उठतो, घरात बसून बसून मन उदास होतं, आपल्याकडच्या उन्हाची आठवण येते. एफ्टेलिंग या अंधाराचाच उपयोग करून घेतं आणि माझ्या मते तिथेच ते बाकीच्या पार्कांना मागे टाकतं. उन्हाळ्यात हेच जंगल छान हिरवं असतं पण घरं, किल्ले, पुतळे सगळे उजेडात एकदम दिसून जातात. हिवाळ्यात पाइनच्या झाडांमधून काळोख्या वाटेनं चालायचं, वळण आलं की एकदम उतरत्या छपरांच्या कडेनं लावलेले पिवळसर दिवे, आणि मग झाडांच्या वर मान लांब करणारा लांगनेक हा पुतळा, तो तर 1952 पासूनचा आहे. रंगीबेरंगी झगमगाट नाही, भडक काही नाही, बहुतेक सगळा उबदार पिवळा उजेड. आणि पीकनं काढलेली ती वाकडीतिकडी घरं त्या उजेडात खरीच कुणाची तरी राहती घरं वाटतात. झोपलेल्या राजकन्येच्या किल्ल्यात गेलात तर नीट बघा, तिची छाती श्वासाबरोबर हलते, दुपारच्या गर्दीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. संध्याकाळी आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो, मागे कुणी ढकलायला नव्हतं, आणि लेक तिच्या श्वासाबरोबर आपला श्वास घेऊन बघत होती.

सीझनला सगळ्यात साजेशी गोष्ट म्हणजे काडेपेट्या विकणारी मुलगी. हा छोटा शो जंगलात 2004 मध्ये आला. कथा वर्षाच्या शेवटच्या रात्रीची, बर्फात बसलेली गरीब पोर एकेक काडी पेटवते आणि प्रत्येक काडीच्या उजेडात तिला काहीतरी दिसतं, शेवटी तिची आजी. शेवट गोड नाहीये, आधीच सांगते. माझी पाच वर्षांची पोरगी बाहेर आल्यावर माझं जॅकेट घट्ट धरून विचारत होती की तिला कुणी घरात का घेतलं नाही, आणि घरी येईपर्यंत गाडीत तोच विषय. मला हे आवडलं. मुलांच्या पार्कमध्ये ऐन सणाच्या दिवसांत असली गोष्ट दाखवायची हिंमत लागते. पण तुमचं मूल फार हळवं असेल तर आधी तुम्ही बघा मग त्याला न्या.

दुसरी, आपल्या लोकांनी चुकवूच नये अशी, भारतीय कमळांची गुहा. 1966 पासून आहे आणि गोष्ट लिहिली बेल्जियमच्या राणी फाबिओलानं, तीही राणी होण्याच्या आधी. चांदण्यात नाचायला उतरलेल्या पऱ्या वेळेत परत जात नाहीत म्हणून चेटकीण त्यांना कमळं करून टाकते आणि मग रात्री ती कमळं उमलतात, पऱ्या नाचतात, बेडूक आणि हंस वाद्यं वाजवतात. डिसेंबरमध्ये माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, नऊवारीवर दोन स्वेटर, वरून माझा लांब कोट, कानटोपी, आणि त्या बाहेरच्या कोरीव दगडाकडे बघून म्हणाल्या, "अगं, हे कुठलं देऊळ म्हणायचं इथं?" मी म्हटलं, "आई, देऊळ नाही, गोष्टीतली गुहा आहे, आत चला, आत वारं लागत नाही." आत गेल्या त्या बाहेर यायलाच तयार नाहीत. शो संपला की परत सुरू होईपर्यंत कठड्याला टेकून उभ्या, नातीला सांगतायत की ही चेटकीण म्हणजे आपल्या गोष्टीतली हडळच की गं, फक्त हिचे पाय सरळ आहेत. नातही लगेच खाली वाकून चेटकिणीचे पाय शोधायला लागली. भाषेची अडचण दोघींनाही आली नाही. जंगलातल्या गोष्टी ऐकू येतात त्या डचमध्येच पण बघून बहुतेक सगळं कळतं, त्यामुळे भारतातून आलेल्या आजी-आजोबांना न्यायला हे पार्क खरंच चांगलं आहे, डिस्नेपेक्षाही चांगलं म्हणेन मी, कारण इथे राइडमध्ये न बसताही दिवस जातो.

लहान मुलांसाठी अजून एक वेड म्हणजे होले बोले खाइस, कागद खाणारा जाड्या. तोंड उघडून बसलेला असतो, "पापीर हीर" म्हणून ओरडतो, तोंडापाशी कागद धरला की आत ओढून घेतो आणि वर आभार मानतो. थंडीत गरम खाण्याचे स्टॉल जोरात चालतात म्हणजे हातात नॅपकिन भरपूर, मग आमची पोरगी दुसऱ्यांचे नॅपकिनसुद्धा मागून आणते. पार्क एवढं स्वच्छ का दिसतं याचं अर्धं उत्तर हा जाड्या आहे.

मोठ्या राइड्सबद्दल फार लिहीत नाही कारण त्या हिवाळ्यात माझ्यासाठी दुय्यम आहेत. बॅरन 1898 नावाचा रोलर कोस्टर साडेसदतीस मीटरवरून सरळ खाली सोडतो, योरिस एन द ड्राक हा लाकडी कोस्टर दोन रुळांवर शर्यत लावतो, पायथॉन 1981 पासून उलटंपालटं करतोय, नवऱ्याला सगळे प्रिय आहेत. पण उघड्यावरचे कोस्टर थंडी फार पडली तर बंद राहू शकतात, तेव्हा फक्त कोस्टरसाठी येणाऱ्यानं डिसेंबर-जानेवारी निवडू नये, मे-जून बरा. हिवाळ्यात आतल्या राइड्स धरा. ड्रोमफ्लुख्त 1993 चा आहे, परीराज्यावरून तरंगत जाणाऱ्या पाळण्यात बसायचं, अजूनही माझा पहिला नंबर त्यालाच. फाता मॉर्गाना ही अरबी बाजारातून जाणारी बोट, बाहेरच्या गारठ्यातून आलं की फारच सुखाची. सिम्बोलिका 2017 चा राजवाडा, सगळ्या वयांना चालतो. व्हिला व्होल्टामध्ये घरच आपल्याभोवती फिरतं, सासूबाईंना नेलं नाही, चक्कर येणाऱ्यांनी टाळा. जुनं भुताचं घर 2022 मध्ये बंद केलं आणि त्या जागी 2024 च्या ऑक्टोबरअखेरीस डान्स मकाब्र सुरू झालं, सध्या सगळ्यात मोठी रांग तिथेच बघितली. आणि डायोरामा, छोट्या डोंगरांतून फिरणाऱ्या इवल्या रेल्वे, तिथे रांग नसते, गर्दी नसते, हात गरम होईपर्यंत मस्त बघत बसावं.

गर्दीचं गणित आता अनुभवानं सांगते. शाळांची दोन आठवड्यांची ख्रिसमसची सुट्टी लागली की अख्खा देश इथेच येतो असं वाटतं, त्यात बेल्जियम-जर्मनीच्या गाड्याही पार्किंगमध्ये दिसतात. त्या दिवसांत पासवाल्यांनी गोष्टींचं जंगल, एखादी राइड, खाणं आणि घर, एवढंच ठरवून जावं, नाहीतर चिडचिड होते. सगळ्यात मोकळे दिवस मिळाले ते डिसेंबरच्या सुरुवातीचे मंगळवार आणि गुरुवार. तेव्हा डच लोक 5 डिसेंबरच्या सिंटरक्लास या मुलांना भेटवस्तू देण्याच्या सणाच्या गडबडीत असतात आणि शाळा चालू असतात. बुधवारी बऱ्याच शाळा दुपारी सुटतात त्यामुळे बुधवार टाळा. मूल शाळा सक्तीच्या वयाचं, म्हणजे पाचचं झालं की आधीसारखी शाळा बुडवता येत नाही, तेव्हा ज्यांची पोरं त्याहून लहान आहेत त्यांनी हा काळ साधून घ्यावा, चार वर्षांखालच्यांना तर तिकीटही लागत नाही. रांगा एफ्टेलिंगच्या ॲपवर दिसतात, उघडण्या-बंद होण्याच्या वेळा सीझनमध्ये दिवसागणिक बदलतात त्याही ॲपवरच बघा. आणि बंद व्हायच्या आधीचा शेवटचा तास सोन्यासारखा, लहान मुलांची कुटुंबं गेलेली असतात आणि रांगा एकदम वितळतात.

पार्कभर ठिकठिकाणी शेकोट्या पेटवलेल्या असतात, खऱ्या लाकडांच्या, आणि लोक हात पुढे करून गोल उभे राहतात, अनोळखी माणसं थोडं सरकून जागा करून देतात. इथे कुणी कुणाशी उगाच बोलत नाही, पण शेकोटीपाशी बोलतात. एक डच आजोबा सासूबाईंना खुणेनं सांगत होते की हात नाही, पाठ शेकून घ्या.

खाणं. ओलीबॉलन म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, मनुका घातलेले, वर पिठीसाखर, गरमागरम खायचे आणि गार झाले की घेऊच नयेत. पिठात अंडं असू शकतं, न खाणाऱ्यांनी विचारून घ्या. पॉफर्चेस म्हणजे छोटे फुगीर पॅनकेक, ते बघून सासूबाई म्हणाल्या आप्पेपात्र इकडेही आहे की, आणि दोन प्लेट संपल्या. वाटाण्याच्या दाट सूपमध्ये बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, नुसता हिरवा रंग बघून शाकाहारी समजून घेऊ नका. फ्राइज आणि पॅनकेकवर शाकाहारी माणसाचं भागतं. पण घरचं न्यायला परवानगी आहे हे फार मोठं सुख, आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा नेतो, म्हणजे खर्चही आटोक्यात राहतो. पार्किंगचे पैसे तिकिटात नसतात हे मात्र धरून चाला.

कपड्यांचं नीट ऐका कारण मजा त्याच्यावरच अवलंबून आहे. बर्फ क्वचितच पडतो, फोटोत दिसतं तसलं पांढरं जंगल मिळेलच असं समजू नका. इथला डिसेंबर म्हणजे शून्याच्या थोडं वर तापमान, वारा आणि रिपरिप, हा ओला गारठा महाबळेश्वरच्या थंडीपेक्षा वेगळा, हाडात जातो. वॉटरप्रूफ बूट सगळ्यात महत्त्वाचे, मग थर्मल, मग मुलांसाठी हातमोज्यांचा जास्तीचा एक जोड कारण पहिला ओला होतोच. छत्री आणू नका, टोपीवालं रेनकोट-जॅकेट बरं. बाबागाडी असेल तर तिचं प्लास्टिकचं कव्हर विसरू नका.

पास कुणी घेऊ नये? ज्याचं घर लांब आहे त्यानं. रॉटरडॅमचे आमचे मित्र हौसेनं पास घेऊन बसलेत आणि प्रत्येक वेळी पूर्ण दिवस वसूल करायच्या नादात दमून परत जातात. पासची गंमत दोन तास जाऊन येण्यात आहे, त्याला घर जवळ लागतं. आणि पास घ्यायचाच तर शरद ऋतूत घ्या, म्हणजे हिवाळी सीझन लगेच मिळतो आणि संपायच्या आत पुढचा उन्हाळाही येऊन जातो.

भारतातून डिसेंबरमध्ये युरोपला येणाऱ्यांनी पॅरिस ते ॲमस्टरडॅमच्या मध्ये एक दिवस काढावा. रेल्वेनं टिलबर्ग किंवा डेन बोशला उतरायचं, दोन्हीकडून पार्कपर्यंत बस मिळते. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, ते तारखेचं असतं. एकच दिवस असेल तर उघडताक्षणी डान्स मकाब्र आणि सिम्बोलिका उरकून घ्या, दुपारी आतल्या राइड्स, आणि गोष्टींचं जंगल मुद्दाम अंधार पडेपर्यंत शिल्लक ठेवा, सकाळी प्रवेशद्वारातून आत आल्यावर पोरं तिकडेच ओढतील तरी. शेवटी तळ्यावर आक्वानुराचा कारंज्यांचा शो असतो, सुमारे 200 कारंजी, तो बघूनच बस पकडायला जा. परतीची बस मात्र आधी बघून ठेवा, शो सुटला की सगळे एकदम स्टॉपवर येतात.