ठाण्याहून अजिंक्यतारा वन डे ट्रिप: गाईडला पाच स्टार, प्लॅनिंगला दोन

डिसेंबरात ठाण्यातल्या एका छोट्या ग्रुपबरोबर साताऱ्याची वन डे केली, नाव टाकत नाही कारण थोडं वाईटही लिहायचंय. पहाटे तीन हात नाक्यावरून पिकअप, गाडी वेळेत, सीट बऱ्या, नाश्त्याचे पोहे थंडगार.

पण गाईड पोरगा एक नंबर! किल्ला शिलाहार दुसऱ्या भोजाचा, मग आदिलशाही, चांदबिबीला इथेच कैदेत ठेवलेलं, १६७३ ला शिवाजी महाराजांनी घेतला, एवढं त्याने चढता चढताच उरकलं. गाडी बऱ्यापैकी वर जाते म्हणून आईला घेऊन गेलो होतो (गड म्हटलं की तिला आधी गुडघे आठवतात), तीसुद्धा शेवटपर्यंत ऐकत होती.

मग तटावर बसवून १७०० चा वेढा. पाण्याची बाटली म्हणजे बुरूज, आमच्या चपला म्हणजे मोगलांचे मोर्चे. औरंगजेब स्वतः खाली तळ ठोकून बसलेला, वर प्रयागजी प्रभू थोडी माणसं घेऊन लढतायत, मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले, पहिला उडाला त्यात आपली माणसं गाडली गेली आणि दुसऱ्याने तट कोसळला तो थेट बाहेर, आत घुसायला टपलेल्या मोगलांच्याच अंगावर! तरी किल्ला गेलाच, कारण मार्चमध्ये राजाराम महाराज वारले आणि एप्रिलमध्ये तह करून खाली उतरावं लागलं. औरंगजेबाने शहजाद्याच्या नावावरून आझमतारा केलं, ताराराणींच्या लोकांनी परत घेतल्यावर अजिंक्यतारा.

१७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला आणि नंतर त्यांनीच पायथ्याला शहर वसवलं, म्हणजे तटावरून जो सातारा दिसतो तो या किल्ल्यामुळेच आहे, हे तो बोट दाखवून सांगतोय तोच आयोजकांची शिट्टी, "चला चला, कासला उशीर होतोय!" मंगळाई देवीचं देऊळ धावत धावत. अरे डिसेंबरात कासला काय आहे, फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर, आम्ही वाळलेलं गवत बघून आलो. जाहिरातीत फोटो मात्र फुलांचे, हे काही बरोबर नाही.

बुक करायच्या आधी गाईड तोच आहे का आणि किल्ल्यावर किती वेळ देणार हे फोनवर विचारून घ्या. आणि कंदी पेढे साताऱ्यातच घ्या, परत येताना ते जिथे गाडी थांबवतात तिथे नको.