एचओ डिझेल इंजिन आणि कोकणातला पावसाळा: वापरानंतरचा अनुभव

सहा अॅक्सलचं एचओ (1:87 मापाच्या मॉडेल रेल्वेचं, रुळांतून वीज घेणारं) डिझेल इंजिन, एलईडी दिवे, आठ पिनांचा डीसीसी डिकोडर (कंट्रोलरचे डिजिटल हुकूम ओळखून मोटर आणि दिवे चालवणारी चिप). रत्नागिरीत समुद्राजवळच्या घरात अख्खा पावसाळा चालवून मग लिहितोय. मोटर उत्तम, वेगाच्या पहिल्या स्टेपलाही (पायरीलाही) धक्का न देता निघते. पण जून लागला की दिवा लुकलुकतो, इंजिन अडखळतं, आणि डिकोडर गेला असं वाटून तो बदलायची घाई होते. ती करू नका. आधी दिव्याकडे बघा.

दिवा आणि मोटर एकाच क्षणी दगा देत असतील तर चाकांतून वीज पोचत नाहीये. दिवा स्थिर पण मोटर रखडतेय, तर गिअरमधलं वाळलेलं ग्रीस किंवा मोटरचे ब्रश. मोटर झकास आणि एकच दिवा बंद, तर एलईडी, रेझिस्टर किंवा सुटलेलं सोल्डर. वेग वाढवताना दिवा आळीपाळीने लागत-विझत असेल तर बिघाड काहीच नसतो: कंट्रोलर 28 स्टेप पाठवतोय आणि डिकोडर 14 वर आहे. डिकोडरच्या सीव्ही 29 (29 क्रमांकाच्या सेटिंग) मध्ये 6 लिहा. इंजिनाचा पत्ता (कंट्रोलरवर त्याला बोलावायचा नंबर) चार आकडी असेल तर 38, नाहीतर लांब पत्ता बंद होऊन इंजिन दाद देणार नाही.

आपल्याकडे बहुतेक वेळा पहिलंच कारण निघतं. इंजिन फोमच्या खाचेत उलटं ठेवा, दिवा चालू करा आणि कंट्रोलरच्या दोन वायर एकेका अॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकाला लावून बघा. ज्या जोडीवर दिवा लागत नाही तिथे चाकामागची, वीज उचलणारी फॉस्फर ब्रॉन्झची पट्टी तपासा. माझ्या इंजिनात मधल्या अॅक्सलच्या पट्ट्या चाकाला जेमतेम टेकत होत्या. टोकावर हिरवट थर आणि चाकाच्या पाठीवर काळं कडं, असं दोन्ही दिसेल. लिंट न सुटणाऱ्या कापडाला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा (औषधाच्या दुकानातल्या 70 टक्केवाल्यात पाणी असतं) आणि पट्टी चिमट्याने किंचित आत वाकवा. जास्त दाबली तर चाकाला ब्रेक लागतो. अल्कोहोल रंगवलेल्या बॉडीला लागू देऊ नका.

रुळांना पॉलिशपेपर अजिबात नको. त्याच्या चरांत काजळी आणखी धरते. लाकडी ठोकळ्याला कापड गुंडाळून पुसलं की पुरे. खाऱ्या हवेत फिशप्लेटचे (रुळाचे तुकडे जोडणाऱ्या पट्ट्यांचे) सांधे आतून काळे पडतात, म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नका. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर सोल्डर करा. इंजिन चालू असताना मल्टिमीटर एसीवर ठेवून जवळचं आणि लांबचं टोक मोजा. साध्या मीटरवर डीसीसीचा आकडा अचूक येत नाही, पण तुलनेला चालतो. एखाद व्होल्टहून जास्त फरक दिसला तर दोष रुळांत आहे.

दिवाच बदलायचा असेल तर पांढऱ्या एलईडीला मालिकेत 1 किलोओम रेझिस्टर लावा. 12 व्होल्टला साधारण 9 मिलीअँपिअर वाहतात, उजेडाला ते भरपूर. निळी वायर सामाईक धन, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा. रेझिस्टर विसरलात तर एलईडी क्षणात जाते.

तेल सुईच्या टोकावर मावेल तेवढंच, तेही प्लास्टिकला चालणारं. खोबरेल नको, चिकट होतं. जास्त झालेलं तेल चाकांवर उतरतं आणि वीज पुन्हा तुटते.

रूळ बदलायच्या फाट्यांवर दिवा मिटमिटत असेल तर 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर डिकोडरच्या निळ्या वायर आणि ग्राउंडमध्ये बसवता येतो, 100 ओम रेझिस्टर आणि समांतर डायोडसह. थेट रुळांवर मात्र कधीही नको. या बॉडीत जागा तोकडी, त्यामुळे दिव्यांपुरताच आधार मिळतो.

इंजिन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो, दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करतो. किमतीच्या मानाने इंजिन चांगलंच आहे. मोठी उणीव एवढीच की या ब्रॉन्झच्या पट्ट्या सुट्या मिळत नाहीत. एक तुटली तर पूर्ण बोगी (चाकांचा अख्खा सांगाडा) घ्यावी लागते.